पासंग

फॉर्मच्या तिसऱ्या पानावर एक चौकट आहे:
कुटुंबाच्या मालमत्तेचे अंदाजे मूल्य.
बाबा तिथेच अडकलेत, पेनाचं टोपण दातात,
चहावर साय धरली तरी.

सियागंजात आमचं दुकान, सात फूट बाय नऊ.
काटे-तराजू दुरुस्त करून मिळतील.
पाटीवरचा 'मि' उडालाय, तरी लोक येतात,
किराण्याचे, भंगाराचे,
एकदा तर एक सोनार, रात्री, शटर अर्धं ओढलेलं असताना.

आत एक लेथ आहे, आजोबांच्या वेळची.
विकली तर सव्वा लाख येतील, असं सी.ए. म्हणाला,
म्हणजे सी.ए.कडे बसणारा मुलगा म्हणाला.
लिही सव्वा लाख, बाबा म्हणाले. मग थांबून:
विकल्यावर आटे काय नखांनी पाडू?
हे कुठल्या रकान्यात लिहायचं, मी शोधलं.
पान उलटूनही शोधलं.

देपालपूरला नऊ बिघे.
खसऱ्यावर बाबांचं नाव पहिलं,
म्हणून फॉर्मला वाटतं, नऊच्या नऊ आमचे.
खाली यशवंतकाका आहेत, सागरला दिलेली कुमुदआत्या आहे,
आणि भालूकाका, जे जाऊन सहा वर्षं झाली.
पटवारी म्हणतो, कटेल, कटेल नाव, घाई काय.
कागदावर माणूस सावकाश मरतो.

आणि वर्ष.
नियम चार, पोटनियम ब: उत्पन्न धरायचं
गेल्या नव्हे, त्याच्या आदल्या वर्षाचं.
त्या वर्षी चोइथराम मंडीत लसूण दोनशे दहाने गेला.
आम्ही पत्रे बदलले, बाबांनी दोन दात बसवले,
आईने मिक्सर घेतला आणि महिनाभर
सगळ्याचीच चटणी केली.
यंदा तोच लसूण अकराने.
पोती परत आणायचं भाडं निघेना,
काकांनी मंडीच्या फाटकातच वाटून टाकली.
फॉर्म अजून दोनशे दहात राहतो.

मदत कक्ष, दुसरा मजला.
चौकसे मॅडम चांगल्या आहेत.
वाईट असत्या तर घरी येऊन शिव्या तरी देता आल्या असत्या.
नोकरदारांचं बरं असतं बघा, म्हणाल्या,
एक कागद, एक आकडा. तुमचं म्हणजे...
आणि हात हलवला,
माशी हाकलावी तसा नाही, पीठ चाळावं तसा.

त्यांच्या टेबलावर टपालाचा छोटा काटा होता.
वर काही नाही, तरी चौदा ग्रॅम दाखवत होता.
बाबांना राहवत नाही. माझ्या मावशीच्या लग्नात
केटररचा काटा उघडून बसले होते.
"मॅडम, रिकामाच चौदा दाखवतोय."
"हो ना, तेवढे आम्ही मनातल्या मनात वजा करतो."
"मनात नका करू. उद्या तुमच्या जागी दुसरं कोणी बसेल."
खिशातला पेचकस काढला, काटा पालथा केला,
कानाशी धरला, का ते मला अजून माहीत नाही.
शून्य.
मॅडमनी पैसे विचारले. बाबा नको म्हणाले.
रांगेतला एक मुलगा उगाचच हसला.

जिन्यात मी चिडले: तेव्हाच म्हणायचं होतं ना,
आमचंही तेवढं बघा म्हणून!
"काट्याचं काम काट्याला," बाबा म्हणाले,
"फीचं काम कागदाला.
जोडलंस ना ते पान?"

जोडलं होतं. माझ्या अक्षरात, रेघा मारून:
तीन वर्षांचे लसणाचे भाव, मंडीच्या पावत्यांच्या नंबरासकट,
नऊ भागिले चार, भालूकाकांचा मृत्यू दाखला,
आणि लेथसमोर एक ओळ: विकायची नाही.

जुन्या तराजूचं एक पारडं हलकं भरलं
की बाबा त्याच्या खाली काहीतरी बांधतात,
वॉशर, चिंचोका, एकदा माझ्या फ्रॉकचं बटण.
निकाल जुलैत आहे.
त्या पानाचं वजन साडेचार ग्रॅम.
दुकानात मोजूनच दिलं होतं बाबांनी, आदल्या रात्री,
पंखा बंद करून.